घरी बांधलेल्या किट कारसाठी ब्रेक मास्टर सिलिंडर कसा निवडायचा

ब्रेकचं गणित चाकापासून सुरू होतं आणि पेडलपाशी संपतं. किट कार बांधणारे बरेच जण ते नेमकं उलटं करतात. स्वस्तात मिळालेला, दिसायला छान किंवा जुन्या गाडीतून निघालेला मास्टर सिलिंडर (पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) आधी फायरवॉलवर (इंजिन आणि चालकामधल्या पत्र्यावर) बसतो. मग पेडल दगडासारखं लागतं, नाहीतर फरशीला टेकतं, आणि दोष कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर) किंवा पॅडवर जातो. सिलिंडर ही या साखळीतली शेवटून दुसरी खरेदी आहे. चाकं, टायर, डिस्क आणि कॅलिपर पक्के झाल्याशिवाय त्याचा विचारच करू नका.

उदाहरणासाठी ब्रिटनमध्ये घरोघरी बांधली जाते तशी लोटस सेव्हनच्या धाटणीची हलकी, उघडी, दोन सीटची गाडी घेतली आहे. ब्रेकचे भाग जुन्या गाडीतून काढलेले आहेत आणि सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा बूस्टर) नाही. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या बाहा आणि फॉर्म्युला (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या स्पर्धा) टीमनाही हेच गणित लागू पडतं, फक्त आकडे बदलतात.

पायरी १: गाडीची मापं आधी कागदावर

सिलिंडरचा कॅटलॉग उघडण्याआधी खालच्या गोष्टी लिहून काढा.

- चालक आणि अर्धी टाकी पेट्रोल धरून एकूण वजन, तसंच पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वेगवेगळं वजन
- व्हीलबेस
- गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची
- टायरची त्रिज्या, गाडी जमिनीवर उभी असताना मोजलेली
- चारही कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास, पिस्टनची संख्या आणि प्रकार
- डिस्कचा व्यास आणि पॅडची उंची

वजन अंदाजाने धरू नका. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून मोजा. त्या वेळी सीटवर माणूस बसलेला हवा, कारण साडेपाचशे किलोच्या गाडीत ८० किलोचा माणूस बराच फरक पाडतो. गुरुत्वमध्याची उंची मोजणं कटकटीचं काम आहे. अशा गाडीसाठी ती ४५० मिमी धरलीत तर फार चुकणार नाही, पण त्याहून कमी धरू नका. उंची कमी धरली की मागच्या चाकांवर प्रत्यक्षापेक्षा जास्त वजन आहे असं गणित सांगतं, आणि मागचे ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतात.

आपल्या उदाहरणातली गाडी अशी: एकूण ६५० किलो, त्यातले पुढे ३१२ आणि मागे ३३८. व्हीलबेस २.३ मीटर, टायरची त्रिज्या ०.२७५ मीटर. पुढे एक पिस्टनचा सरकता कॅलिपर, पिस्टन ५४ मिमी, डिस्क २४० मिमी. मागेही एक पिस्टनचा सरकता कॅलिपर, पिस्टन ४३ मिमी, डिस्क २५० मिमी.

*तपासणी:* पिस्टनचा व्यास ऐकीव माहितीवर घेऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कॅलिपर वेगळे निघतात. पॅड काढून व्हर्नियरने स्वतः मोजा.

पायरी २: प्रत्येक चाकाला किती दाब लागतो?

साध्या रोड टायरसाठी ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ०.९ पट) इतकी मंदावण, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, धरा. चिकट ट्रॅक टायर लावणार असाल तर १.१ किंवा त्याहून जास्त धरा. हे महत्त्वाचं आहे, कारण टायरची पकड हिशोबापेक्षा जास्त निघाली तर वजन आणखी पुढे सरकतं आणि मागची चाकं आधी लॉक होतात (फिरायची थांबून घसरतात).

पुढे सरकणारं वजन = एकूण वजन × मंदावण × उंची ÷ व्हीलबेस. म्हणजे ६५० × ०.९ × ०.४५ ÷ २.३ = सुमारे ११४ किलो. जोरात ब्रेक मारताना पुढच्या चाकांवर ४२६ किलो आणि मागच्यांवर २२४ किलो येतात. उभ्या गाडीत मागे जास्त वजन असूनही ब्रेकचं दोनतृतीयांश काम पुढची चाकं करतात.

आता एका चाकाला लागणारा टॉर्क काढा: चाकावरचं वजन × ९.८१ × ०.९ × टायरची त्रिज्या. पुढच्या एका चाकाला सुमारे ५१८ न्यूटन-मीटर आणि मागच्या एका चाकाला २७१ न्यूटन-मीटर येतात.

एवढा टॉर्क यायला ऑइलचा दाब किती लागेल?

टॉर्क = २ × पॅडचा घर्षणांक × दाब × पिस्टनचं क्षेत्रफळ × प्रभावी त्रिज्या

प्रभावी त्रिज्या म्हणजे डिस्कच्या केंद्रापासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर. डिस्कचा अर्धा व्यास तिथे टाकू नका. आपल्याकडे पुढे ती ९८ मिमी आहे आणि मागे १०४ मिमी. रोड पॅडचा घर्षणांक साधारण ०.३५ ते ०.४५ असतो, आपण ०.४० धरू. ५४ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ २,२९० चौ. मिमी आणि ४३ मिमीचं १,४५२ चौ. मिमी.

उत्तर: पुढे २.८९ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे सुमारे २९ बार. मागे २.२४, म्हणजे २२ बारच्या थोडं वर.

*सावधान:* दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला स्थिर कॅलिपर असेल तर या सूत्रात फक्त एका बाजूच्या पिस्टनचं क्षेत्रफळ घ्या. चार पिस्टनचा कॅलिपर असेल तर दोनच मोजायचे. सूत्रातला २ दुसऱ्या बाजूचा हिशोब आधीच करतो. चारही मोजले की ब्रेक कागदावर दुप्पट ताकदीचे दिसतात आणि रस्त्यावर अर्धे निघतात. ऑइलचं आकारमान काढताना मात्र (पायरी ६) सगळे पिस्टन मोजायचे असतात.

पायरी ३: टँडम की दोन स्वतंत्र सिलिंडर?

एकाच सर्किटचा (चारही चाकांना ऑइलची एकच लाइन असलेला) जुना सिलिंडर विचारातही घेऊ नका. एक पाइप फुटला की ब्रेक संपले. ब्रिटनमध्ये एकेकट्याने बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला आयव्हीए तपासणी पास करावी लागते, आणि तिथे एक सर्किट गेलं तरी दुसऱ्यावर ब्रेक लागायला हवेत. फॉर्म्युला आणि बाहा स्पर्धांच्या नियमांतही दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट सक्तीची आहेत.

उरतात दोन पर्याय.

टँडममध्ये एकाच नळकांड्यात दोन पिस्टन एकामागे एक असतात. बसवायला सोपा, स्वस्त, आणि जवळजवळ प्रत्येक कारमध्ये हाच असतो. पण त्यातून दोन्ही सर्किटना सारखाच दाब मिळतो. आपल्या गाडीला पुढे २९ आणि मागे २२ बार हवेत. टँडम लावला तर मागेही २९ जातील, मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी गर्रकन फिरेल. म्हणजे मागच्या लाइनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) आला, किंवा मागचे कॅलिपर लहान करणं आलं.

दोन स्वतंत्र सिलिंडर आणि मधे बॅलन्स बार (पेडलमधल्या बेअरिंगवर बसून जोर दोन सिलिंडरांत वाटणारी दांडी) अशी रचना केली तर पुढचा आणि मागचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वेगवेगळा निवडता येतो. शिवाय बार फिरवून तोल बारीक जुळवता येतो. जागा जास्त लागते, पेडल बॉक्स मजबूत लागतो आणि बसवण्यातल्या चुकांना वाव जास्त.

आमचं मत सरळ आहे. पुढच्या-मागच्या दाबातला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर टँडम घ्या आणि डोकेदुखी वाचवा. त्याहून जास्त असेल तर दोन स्वतंत्र सिलिंडर. कुणी व्हॉल्व्ह लावून टँडम चालवतात, तेही चुकीचं नाही. फक्त व्हॉल्व्हचं सेटिंग अंदाजाने न ठेवता गेज लावून करा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. "अमक्याच्या गाडीत तीन-चतुर्थांश इंच आहे, मीही तोच घेतो" असं म्हणताना त्याच्याकडे टँडम आहे की दोन वेगळे सिलिंडर, हे कुणी विचारत नाही. टँडममध्ये पायाचा सगळा जोर दोन्ही सर्किटना पुरा मिळतो. बॅलन्स बारमध्ये तोच जोर दोन सिलिंडरांत वाटला जातो. म्हणून एकाचा बोअर दुसऱ्याला जसाच्या तसा चालत नाही. पायरी ५ मध्ये हा फरक आकड्यांत दिसेल.

पायरी ४: पेडलचं गुणोत्तर मोजा

पेडलच्या खिळीपासून (ज्या पिनवर पेडल फिरतं तिच्यापासून) पायाच्या पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले खिळीपासून पुशरॉडच्या (सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीच्या) पिनपर्यंतचं अंतर. पेडल वाकडं असेल तर लोखंडाच्या वळणावरून टेप फिरवू नका. खिळीपासून जोराच्या रेषेवर टाकलेलं काटकोनी अंतर मोजा.

सर्व्हो नसलेल्या हलक्या गाडीला ५ ते ६ गुणोत्तर ठीक. सर्व्होच्या गाडीतलं पेडल बहुतेकदा ३.५ ते ४ असतं. सर्व्हो काढून तेच पेडल ठेवलं की पाय दुखणारच. गाडी हलकी असल्याने असा जुगाड कधी कधी चालूनही जातो, पण तो नशिबाचा भाग झाला.

आपल्या गाडीत गुणोत्तर ५ आहे: खिळीपासून पॅड ३०० मिमी, पिन ६० मिमी.

पायरी ५: बोअर ठरवा

बाजारात सहज मिळणारे बोअर आणि त्यांचं क्षेत्रफळ:

- ५/८ इंच (१५.९ मिमी): १९८ चौ. मिमी
- ०.७०० इंच (१७.८ मिमी): २४८
- ३/४ इंच (१९.०५ मिमी): २८५
- १३/१६ इंच (२०.६ मिमी): ३३५
- ७/८ इंच (२२.२ मिमी): ३८८
- १५/१६ इंच (२३.८ मिमी): ४४५
- १ इंच (२५.४ मिमी): ५०७

लागणारा दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे त्या पुशरॉडवर लागणारा जोर. दोन स्वतंत्र सिलिंडर असतील तर दोघांचे जोर मिळवा आणि पेडलच्या गुणोत्तराने भागा. टँडम असेल तर एकच जोर घ्या आणि भागा. जो आकडा येतो तो पायाचा जोर.

रस्त्यावरच्या गाडीत टायर लॉक होण्याच्या बेतात असताना पायाला २५० ते ३५० न्यूटन लागावेत. युरोपीय नियमांत मोटारींसाठी कमाल मर्यादा ५०० न्यूटनची आहे, पण ती शेवटची हद्द आहे. २०० च्या खाली गेलात तर पेडल इतकं हलकं होतं की ओल्या रस्त्यावर पाय ठेवताच चाक लॉक होतं.

आपल्या गाडीच्या जोड्या तपासू.

पुढे ५/८, मागे ०.७००: (५७२ + ५५६) ÷ ५ = २२६ न्यूटन. हलकं.

पुढे ०.७००, मागे १३/१६: (७१७ + ७५०) ÷ ५ = २९३ न्यूटन. बरोबर मधोमध.

पुढे ३/४, मागे ७/८: (८२४ + ८६९) ÷ ५ = ३३९ न्यूटन. थोडं जड, पण चालेल.

आता टँडम. ३/४ इंच टँडमला १६५ न्यूटन, ७/८ ला २२४ आणि १ इंचाला २९३. म्हणजे ०.७०० आणि १३/१६ ची जोडी पायाला १ इंचाच्या टँडमइतकीच लागते. दुसऱ्याच्या गाडीतला बोअर उचलताना हा फरक लक्षात ठेवा.

जोडी निवडताना आणखी एक गोष्ट बघा. दोन्ही पुशरॉडवरचे जोर जवळपास सारखे यायला हवेत, म्हणजे बॅलन्स बारचं बेअरिंग मधल्या जागेजवळ राहतं. ७१७ आणि ७५० ही वाटणी ४९:५१ झाली, उत्तम. दोन्हीकडे ३/४ लावलं असतं तर ८२४ आणि ६३८, म्हणजे ५६:४४. बार फिरवून तेही साधतं, पण पुढे पॅड बदलल्यावर किंवा टायर बदलल्यावर त्या बाजूला सरकवायला जागा कमी उरते.

*सावधान:* "ब्रेक नीट लागत नाहीत, मोठा सिलिंडर लावतो" हा सल्ला कानावर आला की थांबा. मोठा बोअर म्हणजे त्याच जोरात कमी दाब. ब्रेक आणखी कमजोर होतील. मोठ्या बोअरने पेडल कमी खाली जातं आणि कडक लागतं, एवढंच. कडक पेडल म्हणजे चांगले ब्रेक, हा गैरसमज जाता जात नाही.

*तपासणी:* घर्षणांक ०.३५ धरून पुन्हा एकदा आकडेमोड करा. आपल्या जोडीत पायाचा जोर २९३ वरून ३३५ होतो. पॅड थंड किंवा हलक्या दर्जाचे निघाले तरी हद्दीत आहोत.

पायरी ६: स्ट्रोक (पिस्टनची चाल) पुरेल का?

बोअर ठरला तरी खरेदी अजून नाही. जोराचं गणित जुळून पेडल फरशीला टेकणारी गाडी बांधणं सहज शक्य आहे.

जोरात ब्रेक मारताना सरकत्या कॅलिपरचा पिस्टन पॅडमधलं अंतर, कॅलिपरचा ताण आणि पॅडचं दबणं मिळून साधारण ०.६ मिमी सरकतो असं धरा. पुढे: २ कॅलिपर × २,२९० × ०.६ = २,७५० घन मिमी. रबरी होजच्या फुगण्यासाठी ३०० वर टाका. म्हणजे ३.०५ सीसी. मागे याच हिशोबाने २.०४ सीसी.

सिलिंडरचा स्ट्रोक = आकारमान ÷ क्षेत्रफळ. पुढे ०.७०० इंचाला १२.३ मिमी, मागे १३/१६ ला ६.१ मिमी. त्यात सील टाकीकडे जाणारं बारीक छिद्र ओलांडेपर्यंतची १.३ मिमी मोकळी चाल मिळवा.

बॅलन्स बार असेल तर पेडल दोन्ही स्ट्रोकच्या सरासरीने चालतं: (१२.३ + ६.१) ÷ २ + १.३ = १०.५ मिमी. गुणिले ५ म्हणजे पायाखाली ५२ मिमी. छान. टँडममध्ये मात्र दोन्ही स्ट्रोकची बेरीज होते. आपल्याच गाडीत ३/४ टँडम लावला तर १७.९ मिमी अधिक २ मिमी मोकळी चाल, म्हणजे पायाखाली सुमारे १०० मिमी. ७/८ ला ७६ आणि १ इंचाला ६०. सर्व्हो नसलेल्या टँडमला मोठा बोअर लागतो तो यासाठीही.

आता एक सर्किट फुटलं तर काय होतं तेही मोजा. समजा मागचा पाइप गेला आणि सिलिंडरचा पूर्ण स्ट्रोक २८ मिमी आहे. मागचा पिस्टन तळाला जाऊन टेकतो, पुढचा १३.६ मिमी जातो. सरासरी २०.८, गुणिले ५ = १०४ मिमी. बॅलन्स बार त्याआधीच क्लेव्हिसला (बार आणि पुशरॉड जोडणाऱ्या तुकड्याला) अडला तर कमी. म्हणजे पेडल ते फरशी किमान ११० मिमी मोकळी जागा हवी. तिथे मॅट, पायाची पट्टी किंवा फायरवॉलचा कोपरा आडवा येत असेल तर दुसरं सर्किट असून नसल्यासारखं. पुष्कळ किट गाड्या आकाराने इतक्या आखूड असतात की हीच जागा नसते.

पायरी ७: खरेदी करताना

*आटे.* ब्रेक पाइपच्या नटचे दोन प्रकार सर्रास भेटतात: एम १० × १ आणि ३/८ यूएनएफ, २४ आट्यांचा. दिसायला सारखे. ३/८ चा नट एम १० च्या भोकात सैलसर जातो, चार फेरे फिरतोही, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला आट्यांसकट बाहेर येतो. आट्यांचं गेज लावा, डोळ्यांवर विसंबू नका. पाइपाच्या टोकाचा आकारही सिलिंडरच्या बसणीशी जुळला पाहिजे. दुहेरी फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

*ऑइल आणि सील.* डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलची ऑइल. डॉट ५ सिलिकोनचं आहे, नावावरून ५.१ शी गल्लत करू नका आणि मिसळू तर मुळीच नका. रस्त्यासाठी ताजं, बंद बाटलीतलं डॉट ४ पुरेसं. त्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओला (पाणी शोषल्यावरचा) १५५. अर्धी वापरून झाकण लावून ठेवलेली बाटली हवेतली वाफ शोषते, तेव्हा उरलेलं ऑइल पुढच्या गाडीला जपून ठेवू नका. खनिज ऑइल या सीलना लागलं की रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात. सील पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसणं हीच ती चूक.

*टाकी.* पॅड झिजत जातात तसं ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं. सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅडची झीज एकच पिस्टन भरून काढतो. प्रत्येक पॅड ८ मिमी झिजला तर पिस्टन १६ मिमी पुढे येतो. आपल्या पुढच्या सर्किटला ७३ सीसी आणि मागच्याला ४६ सीसी. सिलिंडरवर चिकटलेली दिखाऊ छोटी टाकी एवढं धरेल का ते बघा. दोन सर्किटना वेगळ्या टाक्या हव्यात, किंवा एकाच टाकीत मधे भिंत. ऑइल कमी झाल्याचं बाहेरून दिसलं पाहिजे किंवा दिवा लागला पाहिजे, तपासणीत हे विचारलं जातं.

*जुना की नवा?* जुन्या गाडीतला सिलिंडर घेतलात तर नव्या सीलचं किट टाकण्याआधी आतून बोट फिरवून बघा. बोअरला नखाला जाणवेल अशी रेघ किंवा गंजाचा खड्डा असेल तर नवी सील चार दिवसांत कापली जातील. होन मारून (आतून घासून) बोअर मोठा करणं हा उपाय नाही. नवा घ्या.

पायरी ८: बसवणं

गुणोत्तर ५ असताना पायाचे ५०० न्यूटन म्हणजे फायरवॉलवर २,५०० न्यूटन. फॉर्म्युला स्पर्धांत पेडलला २,००० न्यूटन सोसावे लागतात, तिथे हाच आकडा १०,००० होतो, म्हणजे जवळजवळ एक टन. दीड मिमीचा उघडा पत्रा एवढ्याला वाकणारच, आणि पेडल "स्पंजी" लागलं की माणूस आठवडाभर एअर काढत बसतो. मागून जाड प्लेट द्या किंवा नळीच्या चौकटीला बांधा. मित्राला पेडल दाबायला सांगून सिलिंडरच्या नाकाशी बोट धरा. हालचाल डोळ्याला दिसली तर ती जास्त आहे.

क्रम असा ठेवा.

१. पेडल आधी, एकटं. खिळीत आडवं हलता कामा नये.

२. सिलिंडर आडवा किंवा नाक किंचित वर. पुशरॉड पूर्ण प्रवासात सिलिंडरच्या रेषेपासून ५ अंशांपेक्षा जास्त तिरका होऊ नये.

३. पुशरॉडला ०.५ ते १ मिमी मोकळीक. ही नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं, त्याला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातात.

४. पेडलला मागे येताना स्वतःचा टेकू. सिलिंडरच्या आतल्या सर्क्लिपवर पेडल टांगून ठेवू नका.

५. बॅलन्स बार ब्रेक लागलेल्या स्थितीत पेडलला काटकोनात हवा, सुटलेल्या स्थितीत नाही. आपल्या गाडीत पुढचा पिस्टन मागच्यापेक्षा ६ मिमी जास्त जातो. म्हणून पुढचा पुशरॉड ६ मिमी लांब ठेवा. सुटलेल्या पेडलला बार तिरका दिसेल, तो तसाच असू द्या.

६. बारच्या क्लेव्हिस आणि पेडलच्या नळीमध्ये दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ५ मिमी फट. पूर्ण आवळलेला बार तिरपा होऊ शकत नाही, आणि तिरपा न होणारा बार म्हणजे नुसतीच एक दांडी.

टाकी कॅलिपरपेक्षा खाली येत असेल, जसं फरशीखाली सिलिंडर लावताना होतं, तर डिस्कच्या लाइनमध्ये ०.१४ बारचा (२ पीएसआय) रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब राखणारा) लागतो. टाकी वर असेल तर तो लावू नका, ब्रेक घासत राहतील.

पायरी ९: एअर काढणं आणि तपासणी

टँडम असेल तर बसवण्याआधी बाकावर पकडून ऑइल भरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबा. हे टाळलं तर आतली एअर तासन्‌तास निघत नाही.

बॅलन्स बार असेल तर कॅलिपरवरचा एअर काढायचा पुढचा एक आणि मागचा एक निप्पल एकाच वेळी उघडा. एकच उघडलात तर बार एका बाजूला कलतो आणि त्या सिलिंडरला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही. यासाठी तीन माणसं लागतात, किंवा दोन आणि एक लांब नळी.

मग दोन्ही बाजूंच्या निप्पलला १०० बारची गेज लावा. पेडल दाबून पुढे २९ बार आणा आणि मागचा आकडा वाचा. हिशोबातल्या २२ पेक्षा पाच ते दहा टक्के कमी, म्हणजे २० ते २१, येईपर्यंत बार फिरवा. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत, त्यासाठी ही सवलत. बेअरिंग ज्या सिलिंडरकडे सरकतं त्याला जोर जास्त मिळतो. जुळलं की लॉक करा. आयव्हीएला नेणार असाल तर चालकाला सीटवरून तो फिरवता येता कामा नये.

पेडल पूर्ण जोराने ३० सेकंद दाबून धरा. हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर सिलिंडरच्या आतलं सील गळतं आहे. दाबताच मऊ, दुसऱ्यांदा दाबल्यावर कडक लागलं तर एअर किंवा चाकाच्या बेअरिंगची ढिलाई. पहिल्यांदाच खोल जातं पण कडक, तर मोकळी चाल जास्त आहे किंवा पॅड डिस्कपासून लांब ढकलले जात आहेत. यांतल्या एकाही दोषावर वेगळ्या बोअरचा सिलिंडर हे उत्तर नाही.

रिकाम्या, कोरड्या मैदानावर ताशी ३० किमीवरून ब्रेक मारा. बाहेर उभ्या माणसाने कोणतं चाक आधी थांबतं ते बघायचं. मागचं आधी थांबलं तर बार दोन फेरे पुढच्या सिलिंडरकडे, पुन्हा गेज, पुन्हा चाचणी. नंतर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून, ब्रेक वापरून, चाकं जॅकवर घ्या. गरम असताना चारही हाताने मोकळी फिरली पाहिजेत. थंड असताना फिरतात आणि गरम झाल्यावर अडतात, तर पुशरॉडची मोकळीक पुन्हा मोजा.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे पाइप नट, बारचे लॉकनट आणि टाकीतलं ऑइल पुन्हा तपासा. शेजारी बसणाऱ्याला घेऊन, मागे सामान भरून एक फेरी मारा आणि पुढचंच चाक आधी लॉक होतं ना ते परत बघा.